चाळीसाठी मिक्सर निवडताना : पदाधिकाऱ्यांकरिता मार्गदर्शन

वरळीच्या बीडीडी चाळीत छोटा ॲनालॉग मिक्सर घ्यायचा ठराव पास झाला की आधी माणसं मोजावीत. वाद्यं नंतर. भजनाचे बुवा, आपणही गायकच आहोत अशी खात्री असलेले दोन टाळकरी, पेटी आणि पखवाज, झाले पाच माइक. १४ एप्रिलला भीमगीतं असतील तर कोरस आणि बँजो वाढला. सूत्रसंचालकाचा माइक वेगळा धरावा, कारण एकदा हातात आला की तो परत मिळत नाही.

हा आकडा घेऊन लॅमिंग्टन रोड गाठावा. खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेल्या आकड्याला कोषाध्यक्ष भुलतात. त्यांना शक्यतो घरीच ठेवावं. बेहरिंगरच्या झेनिक्स १२०२ च्या नावात १२ आहेत, पण माइकच्या जागा ४. उरलेल्या ८ म्हणजे चार स्टिरिओ जोड्या, कीबोर्ड नाहीतर मोबाइल लावायला. यामाहाच्या एमजी१०एक्सयूवरही १० पैकी माइक चारच. दुकानदार खोटं बोलत नसतो, तो फक्त सगळी भोकं मोजतो. आपण माइकची, म्हणजे एक्सएलआरची मोजावीत.

कंडेन्सर माइकला ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा लागतो. छोट्या मिक्सरवर त्याचं सगळ्या माइकना मिळून बहुधा एकच बटण असतं, शेजारी लाल दिवा. लाल दिवा दिसला की तो विझवणं हे आपलं कर्तव्य समजणारा एक कार्यकर्ता प्रत्येक मंडळात असतो. कार्यक्रमाच्या दिवशी त्याला प्रसादाच्या टेबलावर बसवावं.

आवाज डावी-उजवीकडे वाटणारं पॅनचं बटण मधोमध ठेवावं आणि मग त्याला हात लावू नये. एक बॉक्स या टोकाला, दुसरा त्या टोकाला, अशी आपली मांडणी. तिथे हौसेने स्टिरिओ केला तर अर्ध्या चाळीला नुसती पेटी ऐकू जाते आणि उरलेल्या अर्ध्या चाळीला नुसता पखवाज. मग दोन्हीकडून तक्रारी येतात, आणि त्या मात्र स्टिरिओत येतात.

मॉनिटरला आवाज पाठवणारा ऑक्स सेंड प्री-फेडर आहे का, हे विचारायला लाजू नये. प्री-फेडर असेल तर बुवांच्या मॉनिटरचा आवाज बाहेरच्या आवाजापासून वेगळा राहतो. नसेल तर बाहेर आवाज वाढवला की मॉनिटरही वाढतो, माइक शिट्टी मारतो, आणि सगळे जण साउंडवाल्याकडे बघतात. इको सगळ्यांनाच हवा असतो, विशेषतः ज्यांचा सूर लागत नाही त्यांना. तो हात राखून द्यावा. भाषणाला तर मुळीच देऊ नये, एकच आश्वासन दोनदा ऐकू येतं. रात्री १० नंतर अर्थात सगळंच बंद; खास परवानगीच्या दिवसांतही फार तर १२.

आता घरच्या रेकॉर्डिंगकडे वळू. खोली १६० चौरस फुटांची, मजल्यावर अशा २० खोल्या, मधून पॅसेज, १९२० च्या दशकातल्या सिमेंटच्या भिंती. कागदावर याहून वाईट स्टुडिओ सापडणार नाही. प्रत्यक्षात मात्र गाद्यांची थप्पी, दोरीवरचे कपडे आणि कॉटखालची गाठोडी आवाज असा शोषून घेतात, की त्यासाठी बाहेर लोक फोमला पैसे मोजतात. पुनर्विकासात ५०० चौरस फुटांचं घर मिळालेल्यांनी (ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीत पहिल्या ५५६ कुटुंबांना किल्ल्या मिळाल्या) नव्या कोऱ्या, रिकाम्या हॉलमध्ये एकदा टाळी वाजवून बघावी. जुन्या गाद्या भंगारवाल्याला देण्याचा विचार पुढे ढकलला जाईल.

लो-कटचं बटण दाबावं. साधारण ८० हर्ट्झच्या खालचा पॅसेजमधल्या पावलांचा धडधडाट त्याने कमी होतो. कुकरच्या शिट्टीला ते काही करू शकत नाही. ती बरीच वर, गाण्याच्याच पट्ट्यात बसते. तिच्यासाठी शेजारच्या काकूंकडून वरणभाताची वेळ विचारून घ्यावी.

यूएसबीच्या बाबतीत मात्र खरोखरच सावध असावं. अशा मिक्सरमधून संगणकात बहुतेक वेळा तयार मिश्रणाचे दोनच ट्रॅक जातात. प्रत्येक माइक वेगळा उतरत नाही. पखवाज जास्त झाला तर तो कायमचा जास्त झाला, आणि अभंगात बुवा खोकले तर तो खोकला अभंगाचाच भाग होतो. म्हणून आधी हेडफोन लावून मेळ बसवावा, मग रेकॉर्डचं बटण दाबावं. दुकानातही हाच हेडफोन न्यावा. माइक न जोडता गेन चढवून ऐकावं. नुसतीच सरसर फार येत असेल तर दुसरा डबा उघडायला सांगावा.

शेवटी, मोजलेल्या माणसांपेक्षा एक चॅनल जास्त असलेलाच मिक्सर घ्यावा. त्या जादा चॅनलवर पांढरी पट्टी चिकटवून 'मुख्य आवाज, फक्त अध्यक्षांसाठी' असं ठळक लिहावं. अध्यक्ष कार्यक्रमाच्या मध्यात येऊन ते बटण थोडं वर, थोडं खाली करतील, कान देऊन ऐकतील आणि "आता बरोबर आहे" म्हणतील. त्या चॅनलला वायर जोडू नये.