वीस मिनिटं हलवू नका

इंटर्न पोरापोरींना विचारावं, "इमर्जन्सी मेडिसिन का घ्यायचंय?" तर उत्तर ठरलेलं: "मॅडम, थ्रिल आहे." या उत्तराची मला भीती वाटते. कॅज्युअल्टीतल्या ज्या चुका माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाहीत, त्यातली एकही पाय हळू उचलला म्हणून झाली नव्हती. सगळ्या नीट न बघितल्यामुळे झाल्या. त्यातली एक माझी.

भातकापणीचे दिवस होते. रात्री अकराला एका शेतकऱ्याला आणलं, पायाला साप चावलेला. मी दोनेक मिली रक्त काचेच्या नळीत घेऊन स्टँडला लावलं. वीस मिनिटं नळी हलवायची नाही, मग तिरकी करून बघायची. रक्त गोठलं नाही, तर घोणस किंवा फुरशाचं विष भिनलंय असं धरायचं. मी नळी तिरकी केली आणि रक्त पाण्यासारखं वाहिलं. प्रतिविषाच्या दहा कुप्या काढायला सांगितल्या. सिस्टर कुप्या काढता काढता थांबल्या. "मॅडम, ही नळी मावशींनी दुपारी साबणाने धुतलीय."

साबणाचा अंश राहिला की चांगलं रक्तही गोठत नाही. कोऱ्या, कोरड्या नळीत पुन्हा रक्त घेतलं, शेजारच्या नळीत त्याच्या भावाचं. वीस मिनिटांनी दोन्ही नळ्यांतलं रक्त घट्ट गोठलेलं. सकाळपर्यंत पुन्हा पुन्हा तपासलं, पापण्या बघितल्या, श्वास बघितला. प्रतिविष लागलंच नाही. घोड्याच्या रक्तापासून बनवलेलं ते औषध, त्याची रिअॅक्शन कधीकधी जिवावर बेतते. विष अंगात नसलेल्या माणसाला मी ते देणार होते.

म्हणून पहिला सल्ला: सिस्टरांचं ऐका. कॅज्युअल्टीतल्या मामा-मावशींना आणि १०८च्या ड्रायव्हरला नावाने हाक मारा. अॅम्ब्युलन्समधून आलेला डॉक्टर बीएएमएस आहे म्हणून त्याचं बोलणं अर्ध्यावर तोडू नका. पेशंट कुठे, कसा पडला होता हे त्याने पाहिलंय, तुम्ही नाही.

दुसरा: हात लावा, कान लावा. कीटकनाशक प्यायलेला पेशंट आला की पोरं बाहुल्यांवर टॉर्च मारत बसतात. अॅट्रोपिन पुरेसं झालं की नाही, हे छाती सांगते. घरघर थांबली, हवा मोकळी जायला लागली, नाडी आणि बीपी सावरलं, की डोस लागू पडला. जमिनीवर झोपणारं पोर पहाटे पोट दुखतंय म्हणून आलं, तर आधी त्याच्या पापण्या उतरल्यात का बघा. मण्यार चावलेली असू शकते, आणि तिच्या दाताची खूण बऱ्याचदा शोधूनही सापडत नाही.

नुसत्या बघण्याने काय होतं, हे ज्याला जाणून घ्यायचंय त्याने डॉ. हिंमतराव बावस्करांचं काम वाचावं. ते महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होते, तेव्हा कोकणात लाल विंचवाच्या दंशाने धडधाकट माणसं आणि लहान मुलं मरत होती. बावस्कर खाटेशी बसून राहिले. नाडी, रक्तदाब, श्वास टिपत गेले. विंचवाच्या विषाने हृदय थकतं, फुफ्फुसात पाणी साचतं, हे त्यांनी नोंदवलं. त्यावर प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी चालते, हे त्यांनी आणि डॉ. प्रमोदिनी बावस्करांनी १९८६ साली 'लॅन्सेट'मध्ये मांडलं. हाताशी मोठं आयसीयू नसताना केलेलं हे काम आहे.

तिसरा सल्ला इमर्जन्सी मेडिसिनची सीट निवडणाऱ्यांना. आपल्याकडे या शाखेला स्वतंत्र विषय म्हणून मान्यता मिळाली २००९ साली. शाखा अजून कोवळी आहे, त्यामुळे फसगत सोपी. माहितीपत्रक बाजूला ठेवा आणि रात्री दोनला त्या कॅज्युअल्टीत जाऊन उभे राहा. सीनियर जागेवर आहे का? रेसिडेंट स्वतः श्वासनलिकेत नळी घालतोय, की भूलतज्ज्ञाला कॉल पाठवून वाट बघतोय? पेशंटवर उपचार सुरू होतात, की नुसती रेफरची चिठ्ठी फाडली जाते? तिथल्या रेसिडेंटला चहा पाजा आणि खरं काय ते विचारा. प्रमाणपत्राचा कोर्स असेल, तर पैसे भरण्याआधी त्याला राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाची मान्यता आहे का, हे तपासा.

चौथा: "आधी पोलीस येऊ द्या" हे वाक्य तोंडातून कायमचं काढून टाका. परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच सांगितलंय की जीव वाचवणं आधी, कायद्याचे सोपस्कार नंतर. एमएलसीचे, म्हणजे पोलीस केसचे, कागद रक्त थांबवल्यावरही भरता येतात.

पाचवा, आणि सगळ्यात अवघड: दाराबाहेर या. दर अर्ध्या तासाने नातेवाइकांशी बोला, शक्य असेल तर बाकावर त्यांच्या शेजारी बसून. डॉक्टरांवरचा हल्ला गुन्हा आहे, २०१०पासून महाराष्ट्रात त्यासाठी वेगळा कायदा आहे आणि हल्लेखोराला शिक्षा व्हायलाच हवी. पण आत काय चाललंय हे तीन तास कुणी सांगितलं नाही, की बाहेरचं माणूस भीतीने वेडंपिसं होतं. मृत्यू सांगताना "सिरियस आहे, प्रयत्न चालू आहेत" म्हणत वेळ काढू नका. "ते गेले" हे शब्द स्पष्ट उच्चारा आणि मग गप्प राहा. लगेच उठू नका.

थांबता आलं पाहिजे. नळीजवळ थांबायचं, छातीवर स्टेथो ठेवून थांबायचं, त्या बाकावर थांबायचं. ज्याला हे जमतं, त्याने ही शाखा जरूर घ्यावी. गावोगावी त्याची वाट बघितली जातेय.

उद्या पोस्टिंगवर हजर झालात की डिफिब्रिलेटरसोबत आणखी एक गोष्ट शोधा: काचेच्या कोऱ्या नळ्या कुठे ठेवल्यात, आणि त्या कोण, कशाने धुतं.