सरकारी पाऊस

पाऊस पडला की नाही, हे खिडकीतून हात बाहेर काढला की कळावं, असं आपल्याला वाटतं. सरकारला तसं वाटत नाही. हवामान खात्याच्या हिशेबात चोवीस तासांत अडीच मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाणी मापात पडलं, तरच तो ‘पावसाचा दिवस’. त्याहून कमी पडलं, तर तुमची छत्री उघडलेली असो, गच्चीवरचे पापड भिजलेले असोत की स्कूटर घसरून गुडघा फुटलेला असो, पावसाच्या दिवसांत त्याची गणती नाही. ते पाणी बेरजेत धरतात, दिवस मात्र धरत नाहीत.

शिवाय हा दिवस मध्यरात्री संपत नाही. तो सकाळी साडेआठला संपतो. म्हणजे सोमवारी संध्याकाळी ऑफिस सुटताना ज्यानं तुम्हाला झोडपलं, तो पाऊस सरकारदरबारी मंगळवारच्या खात्यावर जमा. सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर ‘काल एवढा पडला आणि पेपरात बघा काय छापलंय’ अशी जी भांडणं पेटतात, त्यांतली निम्मी या साडेआठपाशी विझायला हवीत. विझत नाहीत, कारण ती भांडणं पावसाबद्दल नसतातच, सरकारबद्दल असतात.

पुण्याचा अधिकृत पाऊस पडतो तो शिवाजीनगरला, सिमला ऑफिसात. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्याला आलं; पुढं ते दिल्लीला गेलं, पण नाव पुण्यानं परत दिलं नाही. एकदा घेतलेली गोष्ट परत न देण्याची ही आमची जुनी रीत. तर तिथं पर्जन्यमापक असतो आणि तो कुठं ठेवायचा याचे कडक नियम असतात. त्याचं तोंड जमिनीपासून तीस सेंटिमीटरवर हवं. जवळचं झाड किंवा भिंत जेवढी उंच, तिच्या निदान दुप्पट अंतरावर तो हवा. आजच्या पुण्यात एवढी मोकळी जागा अजून मोकळी आहे आणि तिच्यावर एकाही बिल्डरची नजर स्थिरावलेली नाही, हे मला पावसापेक्षा मोठं आश्चर्य वाटतं.

आमच्या शेजारच्या काकांनी निवृत्तीनंतर स्वतःचं मापन सुरू केलं. कापलेली प्लास्टिकची बाटली, आत चिकटवलेली फूटपट्टी, बाहेर टांगलेली वही. त्यांचा पाऊस सिमला ऑफिसपेक्षा नेहमी दीडपट. सिमला ऑफिस आकडे दाबतं, असं त्यांचं ठाम मत. एका श्रावणात कोणीतरी वर पाहिलं, तर बाटली वरच्या मजल्याच्या पन्हळीखाली होती. काकांनी बाटली हलवली, मत हलवलं नाही.

मोबाइलची गोष्ट आणखी निराळी. तो ‘तुमच्या भागात आत्ता पाऊस’ म्हणतो आणि बाहेर लख्ख ऊन असतं. त्यानं तुमच्या भागात बाटलीसुद्धा ठेवलेली नसते. उपग्रह, रडार आणि गणित यांच्या आधारे नकाशावरच्या एका चौकोनासाठी काढलेला तो अंदाज. तुम्ही त्या चौकोनाच्या कोरड्या कोपऱ्यात उभे आहात, हा तुमचा दोष. पंचांगाचा त्या मानानं आव नसतो. नक्षत्राचं वाहन बेडूक, म्हैस किंवा हत्ती असेल तर पाऊस बरा, कोल्हा किंवा मेंढा असेल तर ओढ. चुकलं तर म्हशीला कोणी जाब विचारत नाही.

सरकारी आकड्याची माझ्या लेखी खरी थोरवी त्याच्या हट्टात आहे. कुलाब्याची वेधशाळा १८२६ची, हवामान खातं १८७५चं. तेव्हापासून शक्यतो त्याच जागी, त्याच पद्धतीनं, ठरल्या वेळी मोजत राहायचं. पणजोबांच्या पावसाची आपल्या पावसाशी तुलना करता येते ती या हट्टामुळंच. काकांच्या बाटलीला किंवा मोबाइलला पणजोबा नाहीत.

पण या हट्टाची एक गंमतही होते. २६ जुलै २००५ आठवा. त्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला आणि कुलाब्याला ७३. शहर एक, खातं एक, अंतर जेमतेम वीस-पंचवीस किलोमीटर. त्या रात्री कमरेइतक्या पाण्यातून चालत घरी निघालेल्या माणसाला आणि कुलाब्यात छत्री मिटून जिना चढणाऱ्या माणसाला आपापला आकडा शंभर टक्के खरा वाटला असता, आणि होताही. खोटा ठरला असता तो फक्त दोन्हींची सरासरी काढून छापलेला ‘मुंबईचा पाऊस’. (आणि हो, साडेआठच्या नियमानं ती नोंद २७ जुलैच्या सकाळची. वहीला सव्वीस तारखेचं कौतुक नाही.)

सरासरीशी माझं पहिल्यापासून जमत नाही. महाबळेश्वर आणि माण हे दोन्ही तालुके एकाच सातारा जिल्ह्यात. एकीकडं वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर, दुसरीकडं पाचशेच्या आसपास. या दोहोंत बाकीचे तालुके मिळवून ‘सातारा जिल्ह्यात समाधानकारक पाऊस’ असं छापून येतं, तेव्हा माण तालुक्यातल्या म्हसवडच्या माणसानं कोणाच्या समाधानात सहभागी व्हायचं? देशाचंही तेच. जून ते सप्टेंबरची दीर्घकालीन सरासरी ८७ सेंटिमीटर. तिच्या ९६ ते १०४ टक्के पडला की ‘सामान्य’. जूनभर उघडीप आणि सप्टेंबरात चार दिवसांत सगळी भरपाई झाली, तरी सामान्यच. पेरणी मात्र जूनच्या भरवशावर केलेली असते.

इथवर चेष्टा चालते. जिथं आकड्याला पैसे जोडलेले असतात, तिथं ती थांबवावी लागते. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की ती अतिवृष्टी; मग पंचनामे, मग मदत. मापात ६४ भरले तर तो नुसता जोराचा पाऊस. एका मंडळात दहा-वीस गावं आणि यंत्र एका ठिकाणी. ढगाला मंडळाच्या हद्दी ठाऊक नसल्यामुळं तो एखाद्या शिवाराची माती खरवडून नेतो आणि यंत्राला नुसता शिंतोडा देऊन जातो. शेतकऱ्याच्या मोबाइलमध्ये वाहून गेलेल्या बांधाची चित्रफीत असते, तीही सगळ्या गावानं पाहिलेली. पण चित्रफितीला मिलिमीटर नसतात.

गंमत अशी, की मंडळामंडळांत बसलेली ही दोन हजारांहून अधिक स्वयंचलित केंद्रं ‘महावेध’ प्रकल्पात उभारली ती स्कायमेट या खासगी कंपनीनं. म्हणजे सरकारी पाऊसही आता पूर्वीसारखा नखशिखान्त सरकारी राहिलेला नाही; तो खासगी भांड्यात पडतो आणि मग सरकारी होतो. माझी त्याला हरकत नाही. भांडं कोणाचं यापेक्षा ते पन्हळीखाली नाही ना, एवढं बघावं.

आता ग्रामपंचायतीगणिक एक पर्जन्यमापक बसवायची केंद्राची योजना आहे. ती तडीस गेली, तर सरकारचा पाऊस आणि गावाचा पाऊस बराच जवळ येईल. मग वाद उरेल तो यंत्र वरच्या आळीत बसवायचं की खालच्या, एवढाच. आणि तो ग्रामसभेत, दोन-तीन वर्षांत, सहज मिटेल.