बघायला कुणी नाही

रात्री सायकल चालवण्यात एकच मोठी उणीव आहे. बघायला कुणी नसतं. बाहेरगावाहून येणाऱ्या कॅन्सरच्या रुग्णांसाठी निधी, कुलाब्याहून जुहू आणि परळमार्गे परत, पन्नासेक किलोमीटर, हे सगळं ठीकच. पण ज्या पोपटी जर्सीवर मी एवढा खर्च केला, जिच्यात माझं पोट माझ्या दोन इंच पुढे चालत होतं, ती मध्यरात्रीनंतर दाखवायची कुणाला? मरीन ड्राइव्हवर काही जोडपी होती. त्यांनी एकमेकांकडेच बघणं पसंत केलं. पेडर रोडच्या चढावर मात्र कुणी नव्हतं तेच बरं, कारण तिथे चेन पडल्याचा अभिनय करत मी सायकल ढकलत नेली. अभिनय नेमका कुणासाठी केला, हे मला अजून कळलेलं नाही.

वरळीच्या कुत्र्यांनी तेवढी दखल घेतली. काम धर्मादाय आहे हे त्यांना समजावायला वेळ नव्हता. त्या रात्रीचा माझा सर्वोच्च वेग तिथे नोंदला गेला.

सी-लिंकवर सायकलला बंदी, म्हणून माहीम कॉजवे. या कॉजवेचा विषय निघाला की आमच्या घरातली माणसं उठून आत जातात, पण मला तो सोडवत नाही. 1845 साली हा रस्ता झाला तो जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नी अवाबाईंच्या पैशांतून. बाईंनी 1 लाख 57 हजार रुपये दिले आणि अट घातली की इथे टोल घ्यायचा नाही. संपला विषय. त्यासाठी कुणाला रात्रभर पायडल मारायला लावलं नाही.

हा शेवटचा मुद्दा माझा नाही, आमच्या तळमजल्यावरच्या काकांचा. काका बँकेतून निवृत्त. पावतीपुस्तक घेऊन गेलो तेव्हा म्हणाले, "सायकल तू चालवणार, व्यायाम तुला, मग पैसे मी का द्यायचे?"

म्हटलं, "पैसे मला नाहीत, पेशंटना."

"मग त्यांना देतो की. त्यात तुझी सायकल कुठे आली?"

"लोक असे देत नाहीत हो काका. कुणीतरी कष्ट करताना दिसावं लागतं."

"म्हणजे तू हाल करून घेणार आणि त्याची फी मी भरणार? मग सिद्धिविनायकापर्यंत लोटांगण घाल. स्वस्तात होईल, हेल्मेट लागत नाही."

त्यावर मी अवाबाईंची गोष्ट सांगितली, कारण मला ती कुठेही सांगायची असते, आणि काकांनी ती तिथल्या तिथे माझ्याविरुद्ध वापरली. अखेर करार ठरला: किलोमीटरला 10 रुपये, ॲपमधली नोंद दाखवल्यावर.

परळला कॅन्सर हॉस्पिटलपाशी पोचलो तेव्हा पहाट व्हायची होती. तिथल्या फुटपाथवर कोण झोपतं हे मुंबईत सगळ्यांना ठाऊक आहे: पेशंट, त्यांची माणसं, प्लॅस्टिकच्या कागदाखाली, फाइली उशाला घेऊन. आमच्या मागून संयोजकांची गाडी, तिच्यावर लाउडस्पीकर, त्यातून "कम ऑन रायडर्स!" मी पाणी प्यायला थांबलो होतो. एक माणूस दचकून उठला आणि भराभर वळकटी बांधायला लागला. पालिकेची गाडी आली असं वाटलं असावं त्याला. मग त्याने माझं हेल्मेट पाहिलं, जर्सी पाहिली.

"कुठून आलात?"

"कुलाब्याहून."

"एवढ्या रात्रीचं, सायकलवर?" मग आवाज खाली आणून, "कोण ॲडमिट हाय तुमचं?"

गिअर किती, टायर कुठला, कॅलरी किती जळल्या, या सगळ्याची उत्तरं माझ्याकडे तयार होती. "कुणी नाही," एवढंच म्हणालो.

"बरं हाय मग," तो म्हणाला. त्याला खरंच बरं वाटलं होतं. त्याने वळकटी पुन्हा सोडली, डोक्याला रुमाल बांधलेल्या बायकोला आडवं केलं.

मी गाडीतल्या मुलाला स्पीकर बंद करायला सांगितलं. "सर, एनर्जी राहत नाही मग," तो म्हणाला. ज्यांना रात्री टेकायला जागा मिळावी म्हणून पैसे जमवायचे, त्यांनाच उठवून त्यांच्याकडून टाळ्यांची अपेक्षा! त्या पोराचा मला आलेला राग अजून गेलेला नाही. जर्सी घालून मीही त्याच वरातीत होतो, ही वेगळी गोष्ट.

आझाद मैदानात मेडल मिळालं, उपमा मिळाला, आणि ज्यात माझे दोन्ही डोळे मिटलेले आहेत असा फोटो मिळाला. फोन भायखळ्यालाच मेला होता, त्यामुळे ॲपमध्ये नोंद 46.8 किलोमीटरची. काकांनी 468 रुपयांचा चेक लिहिला. बोलता बोलता परळचं सांगितलं. काका बराच वेळ पेनाचं टोपण लावत-काढत बसले. मग तो चेक फाडून हजाराचा लिहिला.

"आणि पुढच्या वर्षी घरी झोपलास तर दोन हजार देईन," म्हणाले.

विचार करतोय. पण घरी झोपणाऱ्याला मेडल देत नाहीत.