श्री. रा. रा. टर्बो सी++ साहेब यांस

श्री. रा. रा. टर्बो सी++ साहेब यांचे सेवेशी,

कोल्हापुरातल्या एका कॉम्प्युटर लॅबमधून शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

आपले कंपायलरांचे घराणे 1987 सालचे, डॉसच्या राज्यातले. आजचे 64 बिटांचे विंडोज आपल्याला उंबरठ्यावरही उभे करत नाही. म्हणून आम्ही डॉसचे सोंग घेणाऱ्या डॉसबॉक्सची पालखी करून आपल्याला आत आणतो. निळ्या पडद्यावर पिवळी अक्षरे उमटली की वाटते, नाद खुळा!

पहिले आभार आपल्या स्मरणशक्तीचे. कंट्रोल-एफ9 दाबून बेरीज करावी, तर वर मघाचा गुणाकार, त्याच्याही वर आधीच्या बॅचमधल्या कुणाचा तरी भागाकार, आणि तळाशी आमची बिचारी बेरीज! डॉसच्या त्या एकाच पडद्यावर आलेले काहीही आपण आपणहून पुसत नाही. झाडलोट पोरांनी करायची, प्रत्येक प्रोग्रॅमच्या सुरुवातीला ‘क्लिअर-स्क्रीन’ लिहून. श्रमसंस्कार म्हणतात तो हाच.

दुसरे आभार आपल्या विनयाचे. उत्तर क्षणभर चमकते आणि आपण लगेच निळा पडदा ओढून घेता. त्याला धरून ठेवायला शेवटी ‘गेटच’ लिहावे लागते. ऑल्ट-एफ5 दाबले की उत्तर परत दिसते, हे गुपित मात्र पोरांपर्यंत क्वचितच पोचते.

1 ते 100 आकडे एकाखाली एक छापायला सांगितले, तर पडद्याच्या 25 ओळींत मावतात तेवढे शेवटचे आपण दाखवता. बाकीचे वरून निघून जातात. मागे सरकून बघायची सोय नाही. गेले ते गेले, ही विरक्ती संतांनाच शोभते.

आणि आमच्या शहराचा पिन कोड, 416001? तो साध्या ‘इंट’मध्ये ठेवला की आपण 22785 छापता. 16 बिटांत कोल्हापूर मावत नाही, हे आम्हाला आधीपासूनच ठाऊक होते.

पण खरा पराक्रम पुढेच आहे. आपली खोड आता अभ्यास झाली आहे. ‘क्लिअर-स्क्रीन’ जर्नलात, ‘गेटच’ तोंडी परीक्षेत, विसरला की मार्क कापले! ही दोन्ही ज्या ‘कोनिओ डॉट एच’मधून येतात, ती फाइल सी भाषेच्या मानकात कधीच नव्हती. ‘आयओस्ट्रीम डॉट एच’ला तर सी++च्या 1998च्या मानकात जागाच मिळाली नाही. पोरगा नोकरीला पुण्याला जातो, जीसीसी या कंपायलरवर हाच प्रोग्रॅम चालवतो, आणि पहिल्याच ओळीत उत्तर येते: अशी फाइलच नाही.

साहेब, आपला काय दोष? आपण 1990च्या आसपासच्या यंत्रांसाठी जन्मलात आणि त्या कामात जगात भारी होता. निवृत्त होऊ दिले नाही ते आम्ही.

तेव्हा विनंती आपल्याला नाही, लॅबच्या किल्ल्या ज्यांच्याकडे आहेत त्यांना. जीसीसीसुद्धा 1987चाच, फुकट मिळतो आणि अजून कामावर आहे. नव्या वर्षाची बॅच यायच्या आत तो टाका, आणि जर्नलातल्या त्या दोन ओळींवर काट मारा.

आपला आज्ञाधारक,
पडदा पुसून दमलेला एक कोल्हापूरकर