दे टाळी!

मोकळ्या हवेत सकाळी फिरायला हरकत नाही, असं जून २०२० मध्ये सरकारने ठरवलं, तेव्हा सरकारने सुध्याला पाहिलेलं नव्हतं.

सुध्या माझा शाळेपासूनचा मित्र. बोलताना तो समोरच्याच्या शर्टाचं वरून दुसरं बटण धरतो आणि मुद्दा पटेपर्यंत सोडत नाही. नोकरीत असताना त्याने असंच साहेबांचं बटण धरून स्वतःची बदली रद्द करून घेतली होती. 'स' आणि 'फ' ही अक्षरं त्याच्या तोंडून कोरडी बाहेर पडत नाहीत, हे आम्हाला मराठी तिसरीपासून माहीत आहे. त्यामुळे करोनाचे थेंब बोलण्यातून उडतात ही बातमी आली, तेव्हा जगाला धक्का बसला असेल. आमच्या वर्गाला बसला नाही.

२४ मार्चच्या रात्री टाळेबंदी जाहीर झाली, तेव्हापासून आमची भेट फोनवरच होत होती. फोनवर सुध्या उत्तम माणूस आहे. पण जुलै उजाडला तसा तो भेटीसाठी हटून बसला. "अरे, टेकडीवर भेटू. मोकळी हवा. काय होतंय?" पुण्यात टेकडी म्हटलं की कोणती ते सांगावं लागत नाही, ज्याची त्याची ठरलेली असते. वर चढावं की पायथ्याशीच थांबावं यावर फोनाफोनी झाली आणि दोघांच्याही गुडघ्यांनी पायथ्याच्या बाजूने मत दिलं.

निघताना हिने अटी घातल्या. मास्क नाकाखाली उतरता कामा नये. त्याचं काही खायचं नाही. पाण्याची बाटली आपली. सहा फूट. आणि शेवटची अट अशी, की वारा पाठीवर घ्यायचा, म्हणजे आपलं त्याच्याकडे जाईल, त्याचं आपल्याकडे येणार नाही. मैत्रीच्या दृष्टीने या अटीत काहीतरी खटकत होतं, पण मी बोललो नाही.

टेकडीखाली पोचलो तेव्हा कळलं की सुध्याच्या बायकोनेही हेच सांगून पाठवलं होतं. पावसाळ्यात पुण्याचा वारा पश्चिमेचा. पश्चिमेकडच्या जागेवर दोघांचा हक्क. थोडा वेळ एकमेकांना वळसे घालून झाल्यावर शेवटी आम्ही दोघंही पश्चिमेकडे पाठ करून, शेजारी शेजारी, मध्ये सहा फूट सोडून उभे राहिलो आणि समोरच्या भिंतीवरच्या 'येथे कचरा टाकू नये' या सूचनेकडे बघत बोलू लागलो. इतक्या महिन्यांनी मित्र भेटला आणि मी त्याचा डावा कान पाहिला.

सहा फुटांचा नियम करणाऱ्यांनी एका गोष्टीचा विचार केलेला दिसत नाही. साठीच्या दोन माणसांना मास्क लावून, सहा फुटांवरून, वाऱ्यात बोलायचं तर ओरडावं लागतं. आणि ओरडलं की थेंब जास्त उडतात. शिवाय माणूस जिवलग मित्राला भेटतो ते काही हवापाण्यावर बोलायला नाही. सुध्याला मनातलं सांगायचं होतं. त्याचं मन तेव्हा मूळव्याधीपाशी अडकलेलं होतं. टाळेबंदीत सगळा दिवस बसून काढल्यामुळे तिने डोकं वर काढलं होतं, आणि डॉक्टरकडे जायचीही भीती. हे सगळं तो तपशीलवार, दोन मास्कच्या आतून, टेकडीच्या अर्ध्या उतारापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात सांगत होता.

एक गृहस्थ खाली उतरत होते. मास्क, वर प्लॅस्टिकची फेसशील्ड, हातात काठी. ते नेमके सहा फुटांवर थांबले.

"सुरण खा," ते म्हणाले. "ताकातला. खाजरा नको. आणि मिरच्या बंद."

एवढं बोलून, आभारांसाठीही न थांबता, ते चालू लागले. सुध्या त्यांच्या पाठीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "पुण्यात करोना एक वेळ आटोक्यात येईल. सल्ला येणार नाही."

मला हसू फुटलं. त्यालाही फुटलं. आणि "दे टाळी!" म्हणून त्याने हात पुढे केला.

इथे मला वाचकांच्या समजूतदारपणावर विसंबायला हवं. आपल्याकडे "दे टाळी" ऐकल्यावर हात जातो, त्यात मेंदूचा संबंध येत नाही. कोणी नमस्कार करायला सांगितलं, कोणी कोपराला कोपर लावायला सांगितलं, पण टाळीबद्दल कुठल्याही पत्रकात मला शब्द दिसला नाही. टाळी वाजली. चांगली खणखणीत वाजली. त्यानंतर आम्ही दोघांनी आपापले हात असे काही अंगापासून लांब धरले, की परतीच्या वाटेवर भेटलेल्या एका ओळखीच्याने "लागलं का कुठे?" असं विचारलं.

"हात लावला का त्याला?" दारातच प्रश्न आला.

"मी नाही लावला," मी म्हणालो. टाळीत कोण कोणाला हात लावतो हा शास्त्रार्थाचा विषय आहे. तो दारात, हातावर सॅनिटायझर ओतून घेताना काढायचा नसतो.

लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला २ ते १४ दिवस लागतात, बहुतेकांना पाचव्या दिवसाच्या आसपास दिसतात, एवढं ज्ञान तेव्हा आमच्या जिन्यातल्या मांजरालाही झालेलं होतं. मी वाट बघायला बसलो. वाट बघणाऱ्याला घसा असतो, हे मला त्या आठवड्यात कळलं. एरवी घसा आहे की नाही याची चौकशी आपण करत नाही. आता मी दर दहा मिनिटांनी आवंढा गिळून पाहत होतो, आणि दिवसभर आवंढे गिळल्यावर संध्याकाळी घसा दुखायला लागला.

त्यावर काढा आला. आयुष मंत्रालयाचा होता: तुळस ४ भाग, सुंठ २, दालचिनी २ आणि मिरी १. आमच्या घरी मिरीचं प्रमाण सरकारी हिशोबात बसलं नाही. काढा प्यायल्यावर घसा पेटला, छातीत जळजळलं, कपाळावर घाम आला आणि ताप पाहिला तर पारा ९९ च्या वर. म्हणजे ज्या लक्षणांची मी वाट पाहत होतो त्यातली बरीचशी औषधाने एका पेल्यात आणून दिली. अर्ध्या तासाने ताप उतरला. मी मात्र तो लिहून ठेवला होता.

तापाच्या बाबतीत खरा दिलासा सोसायटीच्या फाटकावर मिळे. वॉचमनकाकांच्या हातातलं ते पिस्तूल कपाळावर रोखलं जाई आणि आकडा येई ९३. "एकदम ओके साहेब!" ९५ च्या खाली शरीर गेलं तर डॉक्टर धावपळ करतात. आमच्या सोसायटीतले सगळे सभासद त्या यंत्राप्रमाणे गारठून गेलेले होते आणि तसेच भाजी आणायला जात होते.

१३ जूनला केंद्र सरकारने लक्षणांच्या यादीत वास आणि चव जाणं घातलं होतं. हे लक्षण मला विशेष आवडलं, कारण त्याची तपासणी घरच्या घरी, फुकट, कितीही वेळा करता येते. सकाळी उठल्याबरोबर मी हिंगाची डबी उघडून नाकाशी धरी. हिंग लागला की कॉफी. कॉफी लागली की शंका यायची, की डबीवरचं नाव वाचल्यामुळे तर वास आला नसेल? मग डोळे मिटून. एकदा डोळे मिटून मी ओव्याला जिरं म्हणालो आणि घरात शांतता पसरली.

ती हिनेच मोडली. "काही झालेलं नाही. तुम्हाला वास आधीपासूनच येत नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, दूध करपलेलं कधी कळलंय तुम्हाला?"

लक्षण जुनं आहे हे सिद्ध झाल्याने मी सुटलो. पण तो युक्तिवाद मला तितकासा मानवला नाही.

मग ऑक्सिमीटर. ते मुलाने पाठवलं होतं, आणि त्या दिवसांत ज्याच्या घरी ते असे त्याच्याकडे इमारतीतले लोक बोट घेऊन येत. ९७. ९८. गार बोट घातलं की ९४. ते बोट चोळून पुन्हा ९८. ज्या जपानी अभियंत्यामुळे हे यंत्र जगाला मिळालं, ते ताकुओ आओयागी १८ एप्रिल २०२० ला वारले; सगळं जग त्यांच्या कल्पनेत बोट घालायला धावत होतं, तेव्हाच. याला काय म्हणावं ते सुचत नाही, म्हणून पुढे जातो.

आणि नेमक्या त्याच आठवड्यात, ९ जुलैला, जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केलं की गर्दीच्या, कोंदट, बंद जागांत हा विषाणू हवेतून पसरण्याची शक्यता नाकारता येत नाही. त्याआधी २३९ शास्त्रज्ञांनी तसं पत्रच लिहिलं होतं. इस्त्री फिरवलेल्या पेपरात मी ही बातमी वाचली. मी वाचलेला शब्द 'हवेतून'. हिने वाचलेले शब्द 'बंद जागांत'. एकच बातमी, एकच चष्मा आळीपाळीने लावून, दोन माणसं अशी वाचू शकतात.

तसं पाहिलं तर या थेंबांच्या शोधाशी पुण्याचं तारखेपुरतं नातं आहे. १८९७ साली पुण्यात प्लेग आणि रँडसाहेबाचे सोल्जर एकाच वेळी घराघरांत शिरत होते, आणि त्याच वर्षी तिकडे जर्मनीत कार्ल फ्ल्यूगे नावाचे प्राध्यापक दाखवून देत होते की बोलताना, खोकताना तोंडातून जंतू घेऊन थेंब उडतात. प्लेगात लोक घरं सोडून माळावर झोपड्या बांधून राहायला जात, असं माझी आजी सांगायची. मोकळ्या हवेत. तिने ऐकलेल्या गोष्टींत माळावर जाऊन शेजाऱ्याला टाळी दिल्याचा उल्लेख नव्हता.

शेवटी मी भाच्याला फोन केला. तो संख्याशास्त्राचा माणूस. त्याने एक चिनी अभ्यास पाठवला. हुबेई प्रांत सोडून इतर शहरांतले सात हजारांहून अधिक रुग्ण त्या संशोधकांनी पाहिले होते, आणि उघड्यावर लागण झाल्याचं त्यांना एकच प्रकरण सापडलं होतं.

"एकच, मामा!"

"कोणतं?"

"हेनान प्रांतातल्या एका खेड्यातलं. एक तरुण वुहानहून परतलेल्या माणसाशी बाहेर उभा राहून बोलला."

"म्हणजे गप्पा मारल्या."

"हो."

"उघड्यावर."

"अहो मामा, सात हजारांत एक!"

"लॉटरीसुद्धा एकालाच लागते."

"आपल्या घराण्यात ती कधी कोणाला लागलीये?" भाचा म्हणाला. संख्याशास्त्रातला एवढा स्वच्छ युक्तिवाद मी आजवर ऐकलेला नाही. त्या रात्री मला झोप लागली.

दुसऱ्या दिवशी सुध्याचा फोन बंद.

इथवर मी त्याला रोज फोन करत होतो. "कसा आहेस?" हा प्रश्न मी इतक्या जिव्हाळ्याने विचारत असे की पलीकडे सुध्या गहिवरून जाई. "तूच एक रे, रोज चौकशी करतोस," तो म्हणे. मी त्याच्या आवाजात घोगरेपणा आहे का, वाक्याच्या मध्ये दम लागतो का, एवढंच ऐकत असे. तो खोकला की मी विचारी, "कोरडा की ओला?" आणि आता फोन बंद. त्याच्या बायकोचा नंबर माझ्याकडे नव्हता. १३ जुलैपासून पुण्यात पुन्हा दहा दिवसांची टाळेबंदी लागली, दूध आणि औषधांपलीकडे काही मिळेना, जाऊन बघण्याचीही सोय उरली नाही. मी मनातल्या मनात सुध्याला नायडू हॉस्पिटलमध्ये दाखल केलं. कोणत्या खाटेवर ते ठरवलं. तिथेही तो डॉक्टरांच्या पीपीई किटची चेन धरून बोलतो आहे, इथपर्यंत मला दिसू लागलं. मग त्याच्या पलीकडच्या खाटेवर मी. मग आमच्या दोघांमध्ये सहा फूट आहेत की नाहीत, ते मोजणं.

फोन आला तो त्याच्या मुलाच्या मोबाइलवरून. सुध्या ठणठणीत होता. बाहेरून आणलेल्या भाजीबरोबर त्याच्या बायकोने त्याचा मोबाइलही साबणाच्या पाण्यात बुचकळून काढला होता. भाजी वाचली. दुकानं बंद, त्यामुळे दुरुस्ती नाही.

"घाबरलास?" त्याने विचारलं.

"छे!"

"मी सुरण खातोय," तो म्हणाला. "फरक आहे."

१४ दिवस उलटले. हिंगाची डबी स्वयंपाकघरात परत गेली. सुध्याशी त्यानंतर टेकडीखाली पुष्कळ भेटी झाल्या, आणि टाळ्याही झाल्या. त्यातून कोणालाही काहीही झालं नाही.

मला करोना झाला तो जानेवारी २०२२ मध्ये, ओमायक्रॉनच्या लाटेत, घरात बसल्या बसल्या. हिच्याकडून आला. हिला तो शेजारच्या इमारतीतल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवात वाणाबरोबर मिळाला होता. कार्यक्रम दिवाणखान्यात होता. संध्याकाळी डास येतात म्हणून खिडक्या लावून घेतल्या होत्या.