कॅल्सी

पनवेलच्या लोकलमध्ये कॅल्क्युलेटर काढून बसलेल्या माणसाकडे लोक आदराने बघतात. विमानतळाचं नाव निघाल्यापासून आमच्या गावात दोनच जाती उरल्या आहेत: जमीन विकून पस्तावलेले आणि न घेतल्यामुळे पस्तावलेले. गुंठ्याचा भाव दोघांच्याही जिभेवर. त्यामुळे ठाणे गाडीत खिडकीशी बसून, कपाळाला आठ्या घालून टकाटक बटणं दाबणारा इसम म्हणजे सौदा मोठा असणार, हे सगळा डबा गृहीत धरतो.

एकदा खांदेश्वरला चढलेल्या गृहस्थांना शेवटी राहवलं नाही. "नेऱ्याकडे काय चाललंय हो सध्या?"

आमच्या कॅल्सीने मान वर केली नाही. "थांबा, चार ओळी एकदम जातायत."

गृहस्थांना चार ओळी म्हणजे प्लॉटच्या वाटल्या. "सगळ्या एकाच पार्टीला?" त्यांनी हळू आवाजात विचारलं आणि मानसरोवर यायच्या आत स्वतःचं कार्ड त्याच्या खिशात सारलं. तो टेट्रिस खेळत होता.

कॅल्सी हे त्याचं इंजिनिअरिंगमधलं नाव. खरं तर तिथली पोरं कॅल्क्युलेटरलाच कॅल्सी म्हणतात. पण वस्तूचं नाव माणसाला चिकटायला माणूसही तसा लागतो. प्रत्येक वर्गात असा एक असतो. शेवटून दुसरा बाक, चेहरा अत्यंत गंभीर, मास्तरांना वाटतं हा एकटाच उदाहरण सोडवतोय. याचे पाय पाळण्यातच दिसले होते. घरच्या किराणा दुकानात गल्ल्यावर बसवलं की हा मोठ्या कॅल्क्युलेटरवर 0.7734 मारून गिऱ्हाइकापुढे उलटा धरायचा. त्यातून इंग्रजी 'हॅलो' निघतं. गिऱ्हाइकाला फक्त बिल कळायचं, आणि पाऊण रुपयात साखर कशी काय, म्हणून ते खूश व्हायचं.

इंजिनिअरिंगला कॅसिओ एफएक्स-82 एमएस हातात आला आणि पठ्ठ्याला शिफ्टखालचं 'रॅन' बटण सापडलं. दशांशचिन्हाच्या डोक्यावर असतं ते. दाबलं की शून्य आणि एक यांच्यामधली तीन दशांश स्थळांची कुठलीतरी संख्या येते. शाळेत आपण पुस्तकाची पानं उघडून क्रिकेट खेळलो, या पोरांनी ते यावर सुरू केलं. शेवटचा आकडा धरायचा. एक ते सहा धावा, सात नोबॉल, आठ वाईड, नऊ म्हणजे झेल सुटला, आणि शून्य म्हणजे आउट. आता गोम अशी की कॅल्क्युलेटर शेवटचं शून्य दाखवतच नाही. 0.690 आलं तर पडद्यावर 0.69 एवढंच. मग बॅटिंगवाला म्हणणार, नऊ, झेल सुटला. बोलिंगवाला म्हणणार, शून्य लपलंय, चालता हो. या एका अदृश्य शून्यावरून दोन जिवलग मित्रांनी अख्खं सेमिस्टर अबोला धरला होता.

पुढे 991 ईएस आलं, तर त्याचं आणखी निराळं. ते उत्तर अपूर्णांकात देतं. चेंडू टाकला की निकाल येतो 139 छेद 200. मग एस-डी बटण दाबायचं, तेव्हा 0.695 दिसतं आणि पाच धावा मिळतात. याला ते थर्ड अंपायर म्हणत. गडी सरासरी दहा चेंडू टिकतो, संघ शंभरेक चेंडूंत गारद होतो, हे कॅल्सीला पाठ होतं. एम-फोर या गणिताच्या पेपरात संभाव्यतेवर नेमका असलाच प्रश्न आला, तर याने उत्तरात धावफलक काढला. केटी लागली.

आणि मग न्यू जर्सीच्या मावसभावाने आपला जुना टीआय-84 प्लस पाठवला. आलेख काढणारा, चार पेन्सिल सेलवर चालणारा, विटेएवढा जाड. पडदा 96 बाय 64 ठिपक्यांचा. आपल्या साध्या नोकियाच्या सापाला शोभेल इतकाच. तिकडच्या बऱ्याच शाळांत पोरांना असलं यंत्र घ्यावंच लागतं आणि परीक्षेतही चालतं. परीक्षेआधी मास्तर मेमरी पुसायला लावतात. तर तिथल्या कार्ट्यांनी 'मेमरी पुसली' असा नुसता पडदा दाखवणारा प्रोग्रामच लिहिला. कॅल्सी हे सांगतो तेव्हा त्याचा गळा दाटून येतो. आपल्याकडे परीक्षेत प्रोग्रामेबल यंत्र मुळातच बाद, म्हणजे फसवायचीही सोय नाही.

यंत्राच्या आत झेड-80 आहे. आमच्या पोरांना अभ्यासाला असतो तो 8085. दोघे एकाच 8080 च्या घराण्यातले. तोंडी परीक्षेत परीक्षकांनी 8085 विचारला, तेव्हा याने चुलतभावाची कुंडली मांडली. 1976 चा जन्म, बनवणारा फेडेरिको फॅजिन, तो आधी इंटेलमध्ये होता, मग बाहेर पडून त्याने झिलॉग काढली. परीक्षक म्हणाले, "रजिस्टर सांग." हा म्हणाला, "सर, यावर सापसुद्धा चालतो."

घरी आई मात्र कृतार्थ होती. "दिवसरात्र गणितं करतो हो, डोळे जातील पोराचे." बायको एवढी भोळी निघाली नाही. तिने पहिल्याच महिन्यात विचारलं, "अहो, कुठल्या गणितात माणूस 'मेलो' म्हणून ओरडतो?"

2020 साली सगळं जग एका कारणाने घरात बसलं होतं आणि कॅल्सी दुसऱ्याच सुतकात होता. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने आपल्या रंगीत पडद्याच्या नव्या मॉडेलवर असेंब्ली भाषेतले प्रोग्राम चालवणं बंद केलं होतं. याच्याकडे ते मॉडेल नव्हतं, घ्यायचंही नव्हतं. रंगीत पडदा म्हणजे त्याला थोडा चवचालपणा वाटतो. तरी त्या दिवशी तो जेवला नाही.

मी एकदा म्हटलं, "अरे, एवढा भारी मोबाइल आहे तुझ्याकडे. त्यावर खेळ की."

त्याने माझ्याकडे कीव करून पाहिलं. "काका, मोबाइलवर खेळणं म्हणजे हॉटेलात जाऊन जेवणं. वर्ग चालू असताना बाकाखाली डबा खाल्लाय ना तुम्ही?"

खाल्लाय. गवारीची भाजी होती आणि तशी गवार पुन्हा कधी लागली नाही. त्यामुळे मी विषय वाढवला नाही.

परवा आम्ही पाच जण पळस्पे फाट्यावर कोथिंबीर वडी खायला गेलो. बिल आलं 635 रुपये. सगळ्यांनी कॅल्सीकडे पाहिलं. त्याच्या हातात टीआय-84 होताच, अंगठे चालू होते.

"पाचाने भाग रे जरा."

"आत्ता नाही. बाहेर पडलो तर स्कोअर जाईल."

वेटरने टेबल पुसता पुसता सांगितलं, "एकशे सत्तावीस."