भिंतीवरची बैठक

"वैनी, काल सर रात्री साडेअकराला आलं न्हवं? गाडी बंद करून ढकलत आणली, तुमी उठू नये म्हणून. मी जागाच हुतो."

अक्कांपासून काही लपत नाही. आमच्या दोन घरांमध्ये छातीएवढी दगडी भिंत आहे. तिचे वरचे दोन चिरे कधीतरी ढासळले आणि ते परत बसवायचं कुणी मनावर घेतलं नाही. त्या खिंडीतून विरजण जातं, कडीपत्ता येतो आणि मंगळवार पेठेतली बातमी दोन्हीकडून ये-जा करते. अक्का माहेरनं, सासरनं, सगळीकडनं कोल्हापूरच्या. स्वतःबद्दल "मी आलो, मी गेलो" असंच बोलणार. मी कोकणातली, लग्न होऊन आले तेव्हा पहिला महिनाभर मला वाटायचं, पलीकडं कुणीतरी पुरुषमाणूस सारखा बोलतोय.

फेब्रुवारीतली सकाळ होती, गेल्या वर्षीची. ऊन कोवळं होतं आणि मी घेवडा निवडायला घेतला होता. ताट भिंतीवर ठेवलं आणि सांगितलं, होय, बैठकच होती. अधिवेशनाची. सातवी.

"सातवी? आनि अधिवेशन कवा हाय?"

"तेच ठरवायला सातवी."

आमचे हे मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले. त्यांच्यासारख्याच निवृत्त मुख्याध्यापकांची एक संघटना आहे आणि तिच्या राज्य अधिवेशनाचं यजमानपद त्या वर्षी कोल्हापूरकरांनी मागून घेतलं. मागून घेतलं म्हणजे काय, कुठल्यातरी सभेत कुणीतरी चिथावलं, "तुम्हांला झेपेल का?" आणि आमच्यातला एक उठून म्हणाला, "नाद करायचा न्हाई." झालं. सहाशे प्रतिनिधी, दोन दिवस.

बैठका भरतात ह्यांच्या जुन्या शाळेत, चौथीच्या वर्गात. तोच एक वर्ग संध्याकाळी मोकळा असतो. मी एकदा डबा द्यायला गेले होते. एकोणीस मुख्याध्यापक त्या बुटक्या बाकांवर, गुडघे हनुवटीशी, आणि फळ्यावर सकाळचा सातचा पाढा तसाच. आयुष्यभर ज्यांनी घंटा दिली ती माणसं. दुसऱ्यानं बोलायला सुरुवात केली की प्रत्येकाचा हात टेबलावरची डस्टर शोधतो. मागच्या बैठकीचं इतिवृत्त कायम करायला पाऊण तास लागला, कारण "सुचना" की "सूचना" यावर तिघं उभे राहिले. सूचना काय होती ते राहूनच गेलं.

"मग नाव तरी ठरलं का?" अक्कांनी माझ्या ताटातला घेवडा ओढून घेतला. त्यांना रिकाम्या हातानं बोलता येत नाही.

नावावर दोन बैठका गेल्या. अधिवेशन म्हणावं, संमेलन म्हणावं की परिषद? आमचे हे इतिहासाचे, तेव्हा परिषदेच्या बाजूचे. त्यांचं म्हणणं, आपल्या जिल्ह्यात परिषद या शब्दाला वजन आहे. मार्च 1920 मध्ये माणगावला परिषद भरली, अध्यक्ष बाबासाहेब आंबेडकर, वय अठ्ठावीस. शाहू महाराज स्वतः गेले आणि भर सभेत म्हणाले, की तुम्हांला तुमचा पुढारी सापडलाय. दुसऱ्यानं लगेच सांगितलं, की संमेलन म्हणा, 1932 साली सयाजीराव गायकवाडांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन इथंच झालं. तिसरा म्हणाला, महाराजांना "राजर्षी" ही पदवी 1919 साली कानपूरला कुर्मी क्षत्रियांच्या अधिवेशनातच मिळाली, मग अधिवेशनात काय कमी आहे? तिघांचंही खरं. म्हणून नावासाठी उपसमिती.

"संमेलन नगं," अक्का एकदम म्हणाल्या. "मला ते ब्याण्णवचं आठवतंय."

1992 सालचं साहित्य संमेलन कोल्हापूरला झालं, रमेश मंत्री अध्यक्ष होते. पाहुण्यांची सोय घराघरांत करायची म्हणून अक्कांच्या सासऱ्यांनी हौसेनं दोन कवी मागून घेतले होते. ही गोष्ट मी पंधरा वेळा तरी ऐकलीय, पण ती थांबवायची नसते. दोघांतला एक पहाटे चारला उठून बंबाशेजारी बसायचा आणि बंब पेटवणाऱ्या अक्कांना कविता म्हणून दाखवायचा. "बंबातलं पानी संपलं वैनी, कविता काय संपंना. घरातली आट मानसं बिनआंघोळीची." दुसरा मात्र गुणी. जाताना देवासमोर अकरा रुपये ठेवून गेला आणि अक्कांच्या पांढऱ्या रश्श्यावर चार ओळी करून दिल्या. तो कागद फडताळात अजून आहे म्हणतात. मला दाखवलेला नाही.

तारखेचं प्रकरण तर विचारूच नका. मध्यवर्ती समितीत पुण्याचे एक गृहस्थ आहेत, ते फोनवर स्पीकर लावून बैठकीत हजर असतात. त्यांनी सुचवलं, ऑगस्टमध्ये घ्या, सभागृहं स्वस्तात मिळतात. वर्गात शांतता पसरली. मग मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच म्हणालं, "स्वस्त का असत्यात ते विचारा की त्यांना."

पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात. 39 फुटांना इशारा, 43 ला धोका. हे आकडे इथल्या पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ होतात. पावसाळ्यात भिंतीवरची आमची पहिली चौकशी "चहा झाला का" ही नसते, "किती फूट झालं?" ही असते. आणि दुसरी, "राधानगरीचं दरवाजं उघडलं का?" त्या धरणाचे दरवाजे आपोआप उघडतात, त्यांना कुणाच्या बैठकीची, ठरावाची गरज लागत नाही. 2019 च्या ऑगस्टात शिरोलीला हायवेवर पाणी आलं आणि पुणे-बंगळूर रस्ता कित्येक दिवस बंद पडला. 2021 च्या जुलैत पुन्हा तेच.

"ऑगस्टात बोलवा," अक्का म्हणाल्या, "येताना एस्टीनं येतील, जाताना होडीनं जातील. सहाशे मानसं म्हंजी किती होड्या?"

मग नोव्हेंबर निघाला. एकानं सुचवलं, 9, 10, 11 नोव्हेंबर. अंबाबाईचा किरणोत्सव असतो, मावळतीची किरणं महाद्वारातून थेट गाभाऱ्यात, देवीपर्यंत पोचतात. पाहुण्यांना तेवढंच दर्शन. सगळ्यांनी माना डोलावल्या. तेवढ्यात गणिताच्या सरांनी हिशोब मांडला. किरणं येतात संध्याकाळी पावणेसहाच्या सुमाराला, आपलं खुलं अधिवेशन पाच ते सात. म्हणजे मंडपात अध्यक्ष, माईकवाला आणि आभार मानणारा, एवढेच उरणार. नोव्हेंबर बारगळला.

डिसेंबरला आडवा आला फुटबॉल. हे बाहेरच्याला पटत नाही, पण इथं फुटबॉलचा हंगाम सुरू झाला की पेठा वेगळ्याच तारखांवर चालतात. स्वयंसेवक म्हणून जी पोरं धरलीत ती निम्मी पाटाकडील तालमीची, निम्मी शिवाजी पेठेतली. या दोघांची मॅच शाहू स्टेडियमवर लागली तर त्या दिवशी पाहुण्यांना पाणी कोण देणार? आणि मॅचच्या दुसऱ्या दिवशी दोन्हीकडच्या पोरांना एका रांगेत वाढायला उभं करायचं म्हणजे तर...

"माजा नातू न्हाई वाढायचा," अक्कांनी तिथल्या तिथं निकाल दिला. "त्यो त्यांच्याबर बोलत बी न्हाई."

निवासाचं त्यातल्या त्यात बरं झालंय. दसरा चौकातली बोर्डिंगं आहेत. 1901 सालापासून महाराजांनी एकेका समाजासाठी वसतिगृहं काढली किंवा काढायला लावली, त्यांचाच आधार घेऊन अर्धी माणसं झोपवता येतील. उरलेली लॉजवर.

खरी अडचण जागेची. ती गोष्ट आली की आम्ही दोघीही जरा थांबतो. उद्घाटन केशवराव भोसले नाट्यगृहात करायचं हे बैठका सुरू व्हायच्या आधीच सगळ्यांनी मनाशी धरलेलं होतं. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री ते जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. महाराजांनी बांधलेलं, 1915 पासून उभं असलेलं पॅलेस थिएटर. शेजारी खासबागचं मैदान. एका भिंतीच्या अलीकडं नाटक, पलीकडं कुस्ती. आग लागली तेव्हा धूर आमच्या गच्चीवरून दिसत होता. अक्का पायात चप्पल न घालताच निघाल्या, मी मागून. रस्त्यावर ही गर्दी. नाटकवाले होतेच, पण तालमीतली धिप्पाड माणसंसुद्धा डोळ्याला पंचा लावून उभी होती. कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. लाकडाचा तडतड आवाज आणि बंबांचे भोंगे, बस. अक्का परत येताना एवढंच म्हणाल्या, "माजं बगायला आल्यालं पाव्हनं तितं घिऊन गेलं हुतं मला. कंचं नाटक ते ध्यानात न्हाई. खुर्चीचा हात ध्यानात हाय."

ते पुन्हा उभं राहणार होतं, पण अधिवेशनाच्या आत होईल का याचा भरवसा कोण देणार? मग शाहू स्मारकचं नाव निघालं, पण सहाशे माणसं तिथं मावायची नाहीत. मंडप घालायचा तर मैदान, मैदान म्हटलं की परवानग्या, परवानग्यांसाठी आणखी एक समिती. आता एकूण समित्या अकरा आणि माणसं एकोणीस. आमचे हे चार समित्यांत आहेत आणि त्यांतल्या दोन एकमेकींना पत्रं लिहितात. परवा ह्यांनी स्वतःलाच "आपले पत्र मिळाले" असं उत्तर लिहिलं. पोच म्हणून सहीसुद्धा केली.

"आनि जेवान?" अक्कांनी शेवटची शेंग मोडली. एवढा वेळ त्या इथवर यायची वाट बघत होत्या, मला ठाऊक होतं.

काल साडेअकरा वाजले ते त्यावरच. पुण्याच्या गृहस्थांनी फोनवरून सांगितलं, की दोन्ही दिवस भोजन सात्त्विक असावं. एक जण ताडकन उठला, बाक उलटला. कोल्हापुरात सहाशे माणसं बोलवायची आणि तांबडा-पांढरा द्यायचा नाही? जगाला तोंड कसं दाखवायचं? दुसरा म्हणाला, हे शिक्षणाचं व्यासपीठ आहे. तिसरा म्हणाला, खर्च बघा. आणि मटणाच्या खर्चावरून विषय 2019 च्या डिसेंबरवर गेला. तेव्हा दर वाढले म्हणून गावानं कृती समिती काढली होती, पेठापेठांत बैठका झाल्या होत्या. ह्यांच्या मते कोल्हापुरात तेवढ्याच बैठका वेळेवर सुरू झाल्या आणि एकमतानं संपल्या.

"ठरलं काय?"

"उपसमिती."

अक्कांनी ताट बाजूला सारलं. पदर खोचला. "ऐका. पैल्या राती पिठलं, भाकरी, ठेचा, वर दही. मानसं गाडीतनं उतरल्याली असत्यात, पोट बिगडल्यालं असतंय, कुनी नाव ठेवत न्हाई. दुसऱ्या दिवशी दुपारी साधं. संध्याकाळी सगळं झाल्यावर दोन पंगती येगळ्या, दोन आचारी येगळे. आनि पांढऱ्या रश्श्यापाशी एक मास्तर हुबा करा, दांडगा बगून."

"मास्तर कशाला?"

"पुन्याचा मानूस सोलकढी समजून वाटी उचलंल न्हवं का! मटनाच्या अळणीत केल्यालं असतंय ते. मग धरम बुडाला म्हणून तुमच्याच सरांच्या नावानं ठराव मांडंल."

सात बैठका आणि अकरा समित्यांना जे जमलं नाही ते घेवडा निवडून होईपर्यंत झालं. मी मनात टिपून घेतलं. रात्री ह्यांना जेवताना सांगायचं, आणि आठव्या बैठकीत ते ह्यांनाच सुचलं म्हणून इतिवृत्तात येणार. मला त्याचं वाईट वाटत नाही. माणगावच्या परिषदेचे ठराव किती जणांना सांगता येतील? आमच्या ह्यांनी वर्गावर तीस वर्षं तो धडा शिकवला. ते म्हणतात, पोरांच्या ध्यानात एकच राहायचं, की महाराजांनी भर सभेत आंबेडकरांना रजपूतवाडीच्या कॅम्पवर जेवायला बोलावलं.

आतून आवाज आला. "अगं, ऐकतेस का? उद्याची बैठक आपल्याकडं ठेवलीय. शाळेत रंगकाम काढलंय. एकोणीस जण. फक्त चहा हं, जास्त काही करू नकोस."

मी अक्कांकडं बघितलं. अक्का आत गेल्या होत्या. भांड्यांचा खळखळाट झाला आणि खिंडीतून एक परात आली, त्यात कपबश्या, मधे मधे वर्तमानपत्राचे कागद.

"एकवीस हाईत, मोजून घ्या," अक्का म्हणाल्या. "एकाचा कान तुटलाय, त्यो माजा. मी भिंतीपाशी बसतो."